विश्लेषण : घराजवळच्या ‘पूर्णांक’ बिंदूपर्यंत चालत जाता येते का?

मोबाइलच्या नकाशात ‘१९.२, ७२.९’ एवढेच टाकले तर लाल खूण बोरिवली आणि मुलुंडच्या जवळजवळ मधोमध, संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाच्या हिरव्या पट्ट्यात टेकते. ‘१९.१, ७२.९’ टाकले तर ती अंधेरी आणि घाटकोपरच्या मध्ये, साकीनाका-चांदिवलीच्या दाटीत उतरते. दोन्ही बिंदू एकाच रेखांशावर आहेत आणि त्यांच्यात सरळ रेषेत फक्त ११ किलोमीटर अंतर आहे. जीपीएस हातात घेऊन अशा नेमक्या बिंदूपर्यंत चालत जाणे हा जगभर रुजलेला छंद आहे. उपनगरात राहणाऱ्याला तो करून बघायचा असेल तर कुठपर्यंत जाता येते, मोबाइलवर किती विश्वास ठेवायचा आणि कुठे थांबायचे, याचा हा आढावा.

हा छंद नेमका काय आहे?

अमेरिकेतील अ‍ॅलेक्स जॅरेट या तरुणाने १९९६च्या फेब्रुवारीत एक खटपट केली. ४३ अंश उत्तर अक्षांश आणि ७२ अंश पश्चिम रेखांश जिथे एकमेकांना छेदतात, ती न्यू हॅम्पशायर राज्यातील जागा त्याने मित्राला बरोबर घेऊन शोधून काढली. तिथे ना स्मारक होते, ना पाटी. आकडे पूर्ण होते, एवढेच त्या जागेचे वैशिष्ट्य. त्यातून ‘डिग्री कॉन्फ्लुअन्स प्रोजेक्ट’ उभा राहिला. पृथ्वीवर असे पूर्ण अंशांचे ६४,४४२ छेदबिंदू आहेत (दोन्ही ध्रुव एकेकदा मोजून). त्यांपैकी जमिनीवरच्या प्रत्येक बिंदूवर कुणीतरी जावे, चारही दिशांची छायाचित्रे काढावीत आणि वाटेत काय दिसले ते लिहून ठेवावे, अशी ही कल्पना. बिंदूच्या १०० मीटरच्या आत पोहोचले की भेट झाली असे मानतात. तुम्ही जगात कुठेही असा, जवळचा छेदबिंदू ७९ किलोमीटरपेक्षा लांब नसतो.

याच काळातला दुसरा खेळ म्हणजे ‘जिओकॅशिंग’. कुणीतरी डबी लपवायची आणि तिचे अक्षांश-रेखांश जाहीर करायचे. मे २०००च्या पहिल्या आठवड्यात तो सुरू झाला, आणि ही तारीख योगायोगाची नाही. त्याच्या एक-दोन दिवस आधी अमेरिकेने नागरी जीपीएसच्या संदेशात मुद्दाम मिसळलेली चूक काढून टाकली होती. तोवर साधा जीपीएस शंभरेक मीटर इकडेतिकडे दाखवायचा. रातोरात तो दहा-वीस मीटरवर आला आणि डबी शोधणे शक्य झाले.

मुंबईजवळचा पूर्ण अंशाचा बिंदू कोणता?

१९ उत्तर, ७३ पूर्व. घाटकोपर स्थानकापासून तो सरळ रेषेत साधारण साडेतेरा किलोमीटर, मुलुंड आणि अंधेरीपासून वीसेक, तर बोरिवलीपासून तीसेक किलोमीटर भरतो. दिशा आग्नेय. ऐकायला सोपे वाटते, पण हा बिंदू नेरूळच्या दक्षिणेला, पनवेल खाडीच्या तोंडाजवळच्या पट्ट्यात येतो. पाणी, चिखल आणि खारफुटीचा हा भाग. भरती-ओहोटीनुसार तिथली ‘जमीन’ दिवसातून दोनदा गायब होते, आणि मुंबईच्या किनाऱ्यावर मोठ्या उधाणाला पाणी पाच मीटरच्या आसपास चढते. ओहोटीला पाणी हटले म्हणून चिखलात पायी उतरणे हा सरळ जिवाशी खेळ आहे. गाळात मांडीपर्यंत रुतलेला माणूस स्वतःहून निघू शकत नाही, आणि भरती कुणासाठी थांबत नाही. खारफुटी तुडवणेही कायद्याच्या कक्षेत येते.

या बिंदूची एक गंमत मात्र सांगण्यासारखी आहे. सर्व्हे ऑफ इंडियाच्या कागदी नकाशांची विभागणी अंशांवर होते. ४७ए, ४७बी, ४७ई आणि ४७एफ या चार पत्रकांचे कोपरे बरोबर १९-७३ या बिंदूवर एकत्र येतात. म्हणजे मोबाइलच्या आधीच्या काळात तिथला परिसर नीट बघायचा तर चार पत्रके शेजारी-शेजारी ठेवून चिकटवावी लागत. नकाशा वाचणाऱ्यांना कोपऱ्यावरची गावे का आवडत नसत, ते यावरून कळते.

वर-खालचे शेजारी बिंदू शंभरावर किलोमीटर दूर आहेत. १८-७३ हरिहरेश्वरजवळ समुद्राच्या पाण्यात पडतो, तर २०-७३ पालघर जिल्ह्याच्या उत्तर भागात. उपनगरातल्या माणसाला रविवारी सकाळी निघून दुपारी जेवायला घरी यायचे असेल तर पूर्ण अंश सोडून दशांशाकडे वळावे लागते.

दशांशाचे बिंदू कुठे पडतात?

एका अंशाचे दहा भाग केले की उत्तर-दक्षिण ११ आणि पूर्व-पश्चिम साडेदहा किलोमीटरची जाळी तयार होते. (पूर्व-पश्चिम अंतर थोडे कमी, कारण ध्रुवाकडे जाताना रेखांश एकमेकांजवळ येतात.) या जाळीत उपनगरे टाकून पाहिली की शहराचा स्वभाव दिसतो. १९.१, ७२.८ हा बिंदू जुहूच्या किनाऱ्यापुढे अडीच-तीन किलोमीटर समुद्रात. १९.२, ७२.८ मार्वे-मनोरीच्या खाडीपाशी, आणि मार्वेला नौदलाचा ‘आयएनएस हमला’ तळ असल्याने तिथे मोबाइल उंचावून फिरणे शहाणपणाचे नाही. १९.२, ७३.० कळव्याजवळ. १९.१, ७३.० खाडीपलीकडे वाशी-कोपरखैरणेच्या बाजूला. उरले सुरुवातीचे दोन, ७२.९ रेखांशावरचे.

हे आकडे तुम्ही रोज ओलांडता, फक्त लक्षात येत नाही. पश्चिम रेल्वेची लोकल विलेपार्ले स्थानकाच्या आसपास १९.१ अक्षांश ओलांडते आणि मालाड सोडून कांदिवलीत शिरता शिरता १९.२. मध्य रेल्वेवर घाटकोपर आणि विक्रोळीच्या मध्ये १९.१ लागतो. ७२.९ हा रेखांश विद्याविहार आणि घाटकोपरच्या दरम्यान रुळांना छेदतो, हार्बरवर चेंबूर स्थानकाजवळून जातो, पवई तलावाच्या पाण्यावरून पुढे सरकतो आणि विहारच्या परिसरानंतर जंगलात शिरतो. लोकलच्या दारात उभे राहून (जरा आत उभे राहून) मोबाइलवरचे आकडे पळताना बघणे हा या छंदाचा सर्वात स्वस्त प्रकार आहे.

रेखांशाचा आणि वेळेचा संबंधही इथेच कळतो. पृथ्वी एक अंश फिरायला चार मिनिटे घेते. ७२.९ गुणिले चार म्हणजे ग्रीनिचच्या पुढे ४ तास ५१ मिनिटे. हीच जुनी ‘बॉम्बे टाइम’. भारतीय प्रमाणवेळ ८२.५ अंशांची, म्हणून ती साडेपाच तास पुढे. या दोहोंतला ३९ मिनिटांचा फरक मुंबईने विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत सांभाळला होता. आजही आपला सूर्य डोक्यावर येतो तो बाराला नव्हे, तर ऋतूनुसार साधारण १२.२५ ते १२.५५च्या दरम्यान.

आकडे टाकताना चूक कुठे होते?

दोन ठिकाणी, आणि दोन्ही चुका हमखास होतात. पहिली क्रमाची. आधी अक्षांश, मग रेखांश. उलटे टाकले तर ७२.९ उत्तर, १९.१ पूर्व हा बिंदू नॉर्वेच्या उत्तरेला बर्फगार समुद्रात जातो. तो निदान चटकन लक्षात तरी येतो.

दुसरी चूक लपून बसते. ती म्हणजे दशांश आणि मिनिटांची गल्लत. एका अंशाची साठ मिनिटे, एका मिनिटाचे साठ सेकंद. त्यामुळे १९.१ अंश म्हणजे १९ अंश ६ मिनिटे, १९ अंश १० मिनिटे नव्हे. ही गल्लत केली की माणूस सात किलोमीटरहून जास्त चुकतो, आणि तरी मुंबईतच राहतो, म्हणून शंका येत नाही. एखाद्या पुस्तकातून किंवा जुन्या फलकावरून आकडे घेतले असतील तर ते कोणत्या पद्धतीतले आहेत हे आधी पाहावे. आपले दोन्ही बिंदू मिनिटांतही नीटनेटके आहेत : १९ अंश ६ मिनिटे आणि १९ अंश १२ मिनिटे, दोन्हींचा रेखांश ७२ अंश ५४ मिनिटे.

दशांश चिन्हापुढे किती आकडे हवेत, हाही प्रश्न असतो. चार आकडे म्हणजे सुमारे ११ मीटर, पाच म्हणजे एक मीटर. त्यापुढचे आकडे मोबाइल दाखवतो खरे, पण ते शोभेचे असतात. नकाशात आकडे टाकताना इंग्रजी कीबोर्ड वापरावा आणि मध्ये स्वल्पविराम द्यावा.

जुन्या कागदी नकाशावरून निघणाऱ्यांसाठी आणखी एक खाच. ब्रिटिश काळापासून आपले नकाशे ‘एव्हरेस्ट’ नावाच्या गोलाभावर बेतलेले होते. जीपीएस ‘डब्ल्यूजीएस-८४’ हे जागतिक मोजमाप वापरतो. पृथ्वीचा आकार दोघांनी किंचित वेगळा धरल्याने त्याच आकड्यांची जागा मुंबईच्या परिसरात सुमारे शंभर मीटरने सरकते. २००५च्या राष्ट्रीय नकाशा धोरणानंतर लोकांसाठी आलेले नकाशे डब्ल्यूजीएस-८४ वर आहेत, त्यामुळे नव्या नकाशात ही अडचण नाही.

मोबाइलचा जीपीएस किती खरा?

मोकळ्या आकाशाखाली चांगला मोबाइल पाचेक मीटरपर्यंत अचूक असतो. सुमारे २०,००० किलोमीटर उंचीवरचे उपग्रह सतत वेळ सांगत असतात. संदेश यायला किती वेळ लागला त्यावरून मोबाइल प्रत्येक उपग्रहाचे अंतर काढतो, आणि किमान चार अंतरे मिळाली की आपली जागा ठरवतो. प्रकाश एका सेकंदाच्या दशलक्षाव्या भागात ३०० मीटर जातो, म्हणजे घड्याळातली तेवढी चूक तुम्हाला एका रेल्वे फलाटाएवढे बाजूला नेऊन ठेवते. हल्लीचे मोबाइल अमेरिकेच्या जीपीएसबरोबर रशिया, युरोप आणि चीनच्या उपग्रहांचेही ऐकतात. काही मोबाइल भारताच्या ‘नाविक’चेही. नाविकचा पहिला उपग्रह २०१३ मध्ये गेला.

अनेकांना वाटते की नेटवर्क गेले की जीपीएस बंद. तसे नाही. मोबाइल उपग्रहांचे फक्त ऐकतो, त्यांना काही कळवत नाही. त्यासाठी सिम लागत नाही, डेटा लागत नाही. डेटा लागतो तो नकाशाचे चित्र उतरवायला. म्हणून नकाशा घरीच वायफायवर उतरवून घ्यावा. निळा ठिपका विमान मोडवरही चालतो, आणि बॅटरी वाचते.

अडचण येते ती गल्लीत. दोन्ही बाजूंना तीन-चार मजली घरे, वर पत्रे आणि मध्ये हातभर आकाश असेल तर संदेश भिंतींवर आपटून येतो. आपटून आलेला संदेश जास्त अंतर कापतो, त्यामुळे मोबाइल तुम्हाला शेजारच्या गल्लीत दाखवतो. ठिपक्याभोवतीचे फिकट निळे वर्तुळ मोठे होते, ते याच शंकेचे. घनदाट ओल्या झाडीतही संदेश मंदावतो, पण इमारतींइतका तो तिथे फसवत नाही. बाणाची दिशा मात्र उपग्रह देत नाहीत. मोबाइलमधले छोटे चुंबकीय होकायंत्र ती देते, आणि लोखंडी कठड्याजवळ किंवा चुंबकी कव्हरमुळे ते बिघडते. बाण गरगरू लागला तर दहा-वीस पावले सरळ चाला. चालण्यावरून मोबाइल दिशा पुन्हा पकडतो.

१९.१, ७२.९ पर्यंत कसे जायचे?

वर्सोवा-घाटकोपर मेट्रोने साकीनाका किंवा असल्फा स्थानकावर उतरायचे. बिंदू दोन्हींच्या पूर्वेकडे, पायी अर्ध्या तासाच्या आत. ‘ट्रेक’ म्हणावे असे यात काही नाही असे वाटेल, पण ते खरे नाही. हा डोंगराळ भाग आहे. पायऱ्या आहेत, चढ आहेत, गल्ल्या मध्येच संपतात. नकाशातला ‘सरळ जा’ हा सल्ला इथे कुचकामी. ठिपका दीडशे मीटरवर दिसतो आणि मध्ये कारखान्याची भिंत येते. वळसा घालून आलात की अंतर दोनशे मीटर झालेले असते. मोबाइल बाजूला ठेवून वाट विचारावी लागते, आणि ‘कुठे जायचंय?’ या प्रश्नाला ‘१९.१ला’ असे उत्तर देता येत नाही. जवळच्या दुकानाचे, मंदिराचे, शाळेचे नाव आधीच पाहून ठेवावे.

छंदाच्या नियमातले १०० मीटर इथे उपयोगी पडतात. बिंदू कुणाच्या घरात, गाळ्यात किंवा सोसायटीच्या आवारात पडत असेल तर बाहेरच्या रस्त्यावर थांबायचे. लोकांच्या दारासमोर मोबाइल उंचावून चार दिशांचे फोटो काढणारा अनोळखी माणूस कुणालाही खटकेल. सर्वेक्षणाला आलेल्या माणसाकडे वस्तीत कशा नजरेने पाहतात, हे तिथे राहणाऱ्यांना विचारा. मोजमाप झाले की मागून नोटीस येते, हा अनेकांचा अनुभव.

त्याला कारणही आहे, आणि ते कारण या दोन बिंदूंना जोडते. चांदिवलीत या बिंदूच्या थोडे उत्तरेला संघर्षनगर आहे. राष्ट्रीय उद्यानाच्या हद्दीतील वस्त्या हटवण्याचा आदेश मुंबई उच्च न्यायालयाने १९९७ मध्ये दिला. त्यानंतर तिथली हजारो घरे पाडली गेली. हटवलेल्यांपैकी पात्र ठरलेल्या कुटुंबांचे पुनर्वसन चांदिवलीतल्या एकेकाळच्या दगडखाणीच्या जागेवर झाले. म्हणजे ११ किलोमीटर उत्तरेला जंगलाची हद्द कुठे संपते हे नकाशावर पक्के झाले आणि त्या रेषेच्या आत सापडलेली माणसे याच रेखांशावरून दक्षिणेला येऊन राहिली. अक्षांश-रेखांश आपल्याला खेळातले आकडे वाटतात. घर रेषेच्या कोणत्या बाजूला आहे यावर ज्यांचे सगळे ठरले, त्यांना ते तसे वाटत नाहीत.

आणि १९.२, ७२.९?

हा बिंदू कान्हेरी लेण्यांच्या नैऋत्येला, सरळ रेषेत किलोमीटरभरापेक्षा किंचित कमी अंतरावर आहे. आग्नेयेला तुळशी तलाव. बोरिवलीच्या बाजूने जायचे तर मेट्रो ७ च्या राष्ट्रीय उद्यान स्थानकावर उतरून उद्यानाच्या मुख्य दारातून आत शिरावे लागते. अंधेरी-घाटकोपरकडून येणाऱ्यांना पश्चिम द्रुतगती मार्ग स्थानकावर मेट्रो बदलून गुंदवलीहून ही गाडी मिळते. सोमवारी उद्यान बंद असते. दारापासून लेण्यांपर्यंत सहा-सात किलोमीटरचा रस्ता आहे.

रस्ता सोडून त्या बिंदूकडे जाता येते का? नाही. उद्यानाचे क्षेत्र सुमारे १०४ चौरस किलोमीटर आहे आणि त्यातला पर्यटकांसाठी खुला भाग त्यामानाने थोडा. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ नुसार राष्ट्रीय उद्यानात परवानगीशिवाय शिरणे हा गुन्हा आहे. तिकीट काढले म्हणजे सगळ्या जंगलाची परवानगी मिळाली असे होत नाही. ते ठरलेल्या रस्त्यांसाठी आणि जागांसाठी असते. शिलोंढासारख्या वाटांवर उद्यानाचे निसर्ग माहिती केंद्र मार्गदर्शकासह नेते. त्या वाटेवर जाणे आणि झाडीतून बाणामागे घुसणे यांत फरक आहे. तुळशी आणि विहार हे महापालिकेचे पाणीपुरवठ्याचे तलाव, त्यामुळे त्यांच्या काठाकडेही वाट नाही.

बिबट्याचे नाव निघणारच. २०१५च्या कॅमेरा ट्रॅप अभ्यासात या परिसरात ३५ बिबटे नोंदले गेले होते. जगातल्या मोजक्याच महानगरांत एवढ्या दाटीने बिबटे राहतात. पण खरे सांगायचे तर अशा भटकंतीत बिबट्यापेक्षा पाय घसरणे, वाट चुकणे, मधमाश्या आणि पावसाळ्यात अचानक फुगणारे ओढे यांचा धोका मोठा. दहिसर नदी याच डोंगरात उगम पावते. वर तासभर मुसळधार पडला की सकाळी घोट्याएवढ्या पाण्यातून ओलांडलेला ओढा दुपारी परतीची वाट बंद करतो. मोबाइल तेव्हाही ‘घर सात किलोमीटर’ असेच दाखवतो. मध्ये पाणी आहे की कडा, हे त्याला माहीत नसते. दर पावसाळ्यात सह्याद्रीत अडकलेल्यांच्या सुटकेच्या बातम्या येतात, त्यांतल्या अनेकांच्या हातात नकाशा असतोच.

शिवाय नकाशावर नुसता हिरवा दिसणारा हा भाग रिकामा नाही. वारली, कोकणा, मल्हार कोळी समाजाचे पाडे उद्यानात आहेत. त्यांच्या येण्याजाण्याच्या वाटा आपल्या करमणुकीसाठी नाहीत. सरळ रेषेत जंगल ओलांडायची हौस सध्या यंत्रांनाच परवडते. ठाणे-बोरिवली आणि गोरेगाव-मुलुंड हे जोडबोगदे उद्यानाच्या खालून नेण्याचे प्रकल्प सुरू आहेत. जंगलातून जी रेषा जमिनीवर काढता येत नाही, ती जमिनीखाली काढली जात आहे.

जवळ काय ठेवावे, काय नाही?

मोबाइलवर जीपीएस वापरणे, बिंदू साठवणे, आपली चाललेली वाट नोंदवणे यासाठी परवाना लागत नाही. मात्र उपग्रहावरून संदेश पाठवणारी छोटी उपकरणे, जी परदेशात ट्रेकर सर्रास वापरतात, ती आणि सॅटेलाइट फोन भारतात दूरसंचार विभागाच्या परवानगीशिवाय बाळगणे बेकायदा आहे. अशी उपकरणे सापडल्याने अलीकडच्या काळात परदेशी पर्यटकांवर विमानतळांवर कारवाई झाली आहे. अमेरिकेतून सुट्टीला येणाऱ्या भाच्याला ‘येताना घेऊन ये’ असे सांगण्याआधी हे लक्षात ठेवावे. उद्यानात ड्रोनही नको.

वाट चुकलात तर ११२ वर फोन करून आपले अक्षांश-रेखांश एकेक आकडा सुटा करून वाचून दाखवावेत : ‘एक नऊ, बिंदू, दोन शून्य पाच...’ वनखात्याची हेल्पलाइन १९२६. नेटवर्क अर्धवट असेल तर फोन लागत नाही, पण साधा एसएमएस अनेकदा जातो. त्यात आकडे लिहून घरी पाठवावेत. टपाल खात्याने २०२५ मध्ये आणलेला ‘डिजिपिन’ हा दहा अक्षरांचा पत्ताही सुमारे चार मीटर बाय चार मीटरच्या चौकोनाचा असतो. तो याच अक्षांश-रेखांशावरून तयार होतो, पण समोरच्याला तो वापरता येईलच याची खात्री अजून नाही. आकडेच सांगावेत. निघताना कुठे जातोय आणि किती वाजेपर्यंत परतणार, हे घरी सांगून ठेवावे. पॉवर बँक हवीच. थंड हवेत, पावसात आणि सतत नकाशा उघडा ठेवल्यावर बॅटरी अपेक्षेपेक्षा लवकर संपते.

म्हणजे १९.२, ७२.९ सोडून द्यायचा?

बिंदू सोडायचा, रेषा नाही. उद्यानाचे दार ७२.९च्या पश्चिमेला आणि कान्हेरी लेणी पूर्वेला आहेत. म्हणजे लेण्यांकडे जाणारा रस्ता हा रेखांश ओलांडतोच. चालत गेलात तर लेणी यायच्या थोडे आधी मोबाइलवर ७२.८९९८, ७२.८९९९ असे आकडे चढताना दिसतील आणि रस्त्यावरच, पूर्ण परवानगीत, ७२.९००० उमटेल. अक्षांश तेवढा जमणार नाही. तो तुमच्या दक्षिणेला, झाडीत आहे.

पुढे लेण्यांत पोहोचल्यावर वरच्या टप्प्यापर्यंत चढा. शंभराहून अधिक लेण्यांच्या या डोंगरावर इसवी सनाच्या आसपासच्या शतकांपासून भिक्खू राहत होते. त्यांनी खडकात खोदलेल्या पाण्याच्या पोढ्या आजही भरलेल्या दिसतात. प्रत्येक लेण्याला पाणी कुठून आणायचे याचा हिशेब त्यांनी उतार पाहून केला होता. वरून नैऋत्येला पाहिले की बिंदूच्या दिशेची झाडी दिसते. मोबाइल तेव्हा नऊशे मीटरच्या आसपासचा आकडा दाखवेल. चार दिशांचे फोटो इथूनच काढा, आणि परतीच्या बसची वेळ जाताना खालीच विचारून ठेवा.